आठ बिटांचा जबाब

१९६६ साली ह्यूलेट-पॅकार्डने २११६ए नावाचा आपला पहिला संगणक बाजारात आणला. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथली ही कंपनी तोवर मापनयंत्रांसाठी ओळखली जाई. ऑसिलेटर, व्होल्टमीटर, फ्रिक्वेन्सी काउंटर हा तिचा माल. संगणकही तिने बनवला तो या यंत्रांना हुकूम देता यावेत आणि त्यांनी मोजलेले आकडे आपोआप गोळा व्हावेत म्हणून. अंतराळ-कार्यक्रम आणि लष्करी इलेक्ट्रॉनिक्स यांच्या भरभराटीची ती वर्षे होती. तपासणीला येणाऱ्या वस्तू वाढत चालल्या होत्या, प्रत्येकीवर घ्यायची मोजमापेही वाढत होती, आणि माणसाने डायल फिरवून, काटा बघून, आकडा वहीत उतरवण्याचा वेग मात्र होता तोच होता.

संगणक आला म्हणून यंत्रे लगेच त्याच्याशी बोलू लागली असे झाले नाही. त्या काळच्या डिजिटल व्होल्टमीटरच्या पाठीमागे एक रुंद कनेक्टर असे. दिसणाऱ्या प्रत्येक अंकासाठी चार तारा, अधिक-उण्याच्या चिन्हासाठी वेगळी, रेंजसाठी आणखी काही. पाच-सहा अंकांचा मीटर म्हणजे पंचवीस-तीस तारांचा जुडगा. एका मॉडेलचा जुडगा दुसऱ्याला लागेलच असे नाही, तारांवरच्या व्होल्टेजच्या पातळ्याही सारख्या नसत. नवा मीटर घेतला की संगणकात त्याच्यासाठी नवे कार्ड आणि त्या कार्डासाठी नवा प्रोग्राम. या जुडग्यातली एक तार मला फार महत्त्वाची वाटते. तिला प्रिंट कमांड म्हणत. आकडा तयार झाला, आता छापायला हरकत नाही, एवढेच ती सांगे, कारण ही सगळी सोय मुळात कागदी पट्टीवर आकडे छापणाऱ्या यंत्रासाठी केलेली होती. मोजमापाच्या मधेच वीज जाऊन आली, आत काही बिघडले, दिलेला हुकूम कळलाच नाही, हे सांगायला सहसा कुठलीच तार नसे.

मापनयंत्रांच्या स्वयंचलनाचा इतिहास एरवी केबलींचा आणि वेगाचा म्हणून सांगितला जातो. मला त्याचा गाभा दुसरीकडे दिसतो. यंत्राने आकड्याबरोबर स्वतःच्या अवस्थेचा खरा जबाब द्यावा, आणि तो कोणत्याही कंपनीच्या यंत्राकडून एकाच अर्थाने यावा, यासाठी पाव शतक खटपट चालली. ती खटपट सांगण्यासारखी आहे, कारण तिचे फळ आज जगातल्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत आहे आणि ते वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याची ओळख आहे.

या प्रश्नाशी झगडणारे ह्यूलेट-पॅकार्डचे अभियंते एकटे नव्हते. युरोपातल्या अणुसंशोधन प्रयोगशाळांनी १९६९ साली कॅमॅक नावाची एक पद्धत ठरवली. एका सांगाड्यात शेजारी शेजारी मोड्यूल खोचायची आणि मागच्या समान पट्टीवरून त्यांच्याशी बोलायचे. त्यात प्रत्येक मोड्यूलला स्वतःची अशी एक तार दिलेली होती, आणि तिचे नाव होते ‘लुक ॲट मी’. माझ्याकडे बघा, असे मोड्यूलला म्हणता येत होते. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था इथल्या अणुभौतिकीच्या प्रयोगांत कॅमॅकचे सांगाडे पुढे बरीच वर्षे राबले. पण कॅमॅकमध्ये यंत्राचे रूपांतर मोड्यूलमध्ये करावे लागे. टेबलावर एकटे वापरता येईल आणि हवे तेव्हा संगणकालाही जोडता येईल असा मीटर त्या चौकटीत बसत नव्हता.

ह्यूलेट-पॅकार्डने नेमका तोच मीटर डोळ्यांपुढे ठेवला. कंपनीच्या ऑक्टोबर १९७२च्या नियतकालिकात जेराल्ड नेल्सन आणि डेव्हिड रिची यांनी आणि त्याच अंकात डोनाल्ड लॉफ्री यांनी ही नवी जोडणी जगापुढे मांडली. लॉफ्री यांचे नाव मुद्दाम लक्षात ठेवावे. मानके घडवण्याचे किचकट, सभा-सभांतून चालणारे, कीर्ती न देणारे काम त्यांनी आयुष्यभर केले. पुढे इथरनेटचे मानक ठरवणाऱ्या समितीचेही ते अध्यक्ष झाले. त्याच १९७२मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगापुढे हा विषय गेला, ह्यूलेट-पॅकार्डचा प्रस्ताव चर्चेचा पाया म्हणून स्वीकारला गेला, आणि १९७५ साली अमेरिकेतल्या विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे आयट्रिपलईने, तो ‘४८८’ या क्रमांकाने प्रसिद्ध केला. कंपनी त्याला एचपी-आयबी म्हणे, बाकीचे जीपीआयबी म्हणू लागले.

सोळा तारांची ही जोडणी. आठ तारांवरून माहिती, तीन तारांवर देवघेवीचा ताल, पाच तारा कारभारासाठी. एका वेळी पंधरा यंत्रे, सगळी मिळून वीस मीटर केबल. कनेक्टर असा की एकावर एक रचत जावे. ताल सांभाळणाऱ्या त्या तीन तारांची रचना अशी की ऐकणाऱ्यांपैकी सर्वांत मंद यंत्राने घेतल्याशिवाय पुढचा बाइट निघत नाही, त्यामुळे मंद आणि वेगवान यंत्रे एकाच केबलवर सुखाने नांदली. त्यावर बरेच लिहिले गेले आहे. मला थांबायचे आहे ते कारभाराच्या पाच तारांतल्या एका तारेपाशी. ती सर्व्हिस रिक्वेस्टची तार. तंत्रज्ञांच्या तोंडी एसआरक्यू.

ही तार सगळ्या यंत्रांत समाईक आहे. कोणत्याही यंत्राने ती खाली ओढली की ती खाली जाते, आणि दोघांनी एकदम ओढली तरी तेवढीच खाली जाते. जुन्या वाड्यात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून चौकात एकच घंटा असावी, दोरी प्रत्येकाच्या दारापर्यंत आलेली असावी, आणि घंटा वाजली की कोणाच्या घरून वाजली हे कळायला दारोदार फिरावे लागावे, तशी ही व्यवस्था. त्या फिरण्याला सीरियल पोल म्हणतात. नियंत्रक संगणक एकेका यंत्राला त्याच्या पत्त्याने बोलावतो आणि ते यंत्र आठ बिटांचा एक बाइट देते. हा स्टेटस बाइट. त्यातला सहाव्या क्रमांकाचा बिट, ज्याची किंमत ६४, तो १ असेल तर हाक मारणारे हेच यंत्र. बाइट वाचून झाला की तो बिट आपोआप ० होतो आणि त्या यंत्राने धरलेली दोरी सुटते. सगळ्यांना एकदमच विचारायचे तर पॅरलल पोलही होता. त्यात आठ तारांपैकी एकेक तार एकेका यंत्राने घेऊन हो किंवा नाही सांगायचे. तो फारसा रुजला नाही.

हा बाइट वाचण्याचा हुकूम नेहमीच्या संभाषणापेक्षा वेगळ्या वाटेने जातो. मीटरला पाठवलेली वाक्ये त्याच्या आतल्या रांगेत पडतात आणि तो ती क्रमाने वाचतो. रांग तुंबली तर मीटर गप्प. सीरियल पोल मात्र रांगेत उभा राहत नाही. यंत्र कामात बुडालेले असो, गोंधळलेले असो, त्याची अवस्था कळू शकते. १९७५च्या मानकातला हा निर्णय मला सर्वांत दूरदृष्टीचा वाटतो.

त्याच मानकात एक मोठी जागा रिकामीही राहिली. आठ बिटांपैकी अर्थ ठरला होता तो फक्त सहाव्याचा. उरलेल्या सातांचे काय करायचे ते ज्याच्या त्याच्यावर सोपवले होते. लॉफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारा, कनेक्टर आणि ताल यांवर एकमत घडवले. शब्दांवर एकमत घडवायला गेले असते तर १९७५मध्ये काहीच प्रसिद्ध झाले नसते, असे मला वाटते. पण या रिकाम्या जागेची किंमत पुढची बारा वर्षे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मोजली.

एकच उदाहरण पुरे. ह्यूलेट-पॅकार्डचा ३४७८ए हा १९८०च्या दशकातला अतिशय लोकप्रिय मल्टिमीटर. त्याच्या स्टेटस बाइटमध्ये शून्याव्या बिटाचा अर्थ ‘वाचन तयार’, दुसऱ्याचा ‘हुकमाची रचना चुकली’, तिसऱ्याचा ‘आत बिघाड’, चौथ्याचा ‘समोरचे एसआरक्यूचे बटण कोणी दाबले’. यांपैकी कशासाठी हाक मारायची ते ‘एम’ या अक्षरापुढे अष्टमान पद्धतीतले दोन अंक लिहून सांगायचे. वाचन तयार झाले, मीटरने हाक मारली, पोल केला, तर उत्तर येई ६५. म्हणजे ६४ अधिक १. आता शेजारीच ओरेगनच्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीचे यंत्र ठेवा. टेक्ट्रॉनिक्सने आपल्या सगळ्या यंत्रांसाठी संकेतांचे एक घरगुती मानक केले होते, आणि ते विचारपूर्वक केलेले होते. त्यात बिट सुटे वाचायचे नसून सगळा बाइट एक संकेतांक म्हणून वाचायचा. ६६ म्हणजे काम पूर्ण, ६७ म्हणजे वापरणाऱ्याने बटण दाबले, ९७ म्हणजे हुकूम चुकला, ९८ म्हणजे हुकूम बरोबर पण अंमलात आणता येत नाही, ९९ म्हणजे यंत्रातच दोष. आणि ६५? नुकतीच वीज आली, मी आत्ताच सुरू झालो आहे.

एकाच केबलवर, एकाच प्रश्नाला, एकच उत्तर. एक यंत्र म्हणते आहे, आकडा तयार आहे, घेऊन जा. दुसरे म्हणते आहे, माझी सगळी मांडणी पुसली गेली आहे, माझ्याकडून काही घेऊ नका. या दोन यंत्रांसाठी एकच प्रोग्राम लिहिणाऱ्याने मॅन्युअल उघडे ठेवूनच काम करायचे. मीटर जुना झाला आणि दुसऱ्या कंपनीचा आणला की स्टेटस बाइट वाचणाऱ्या सगळ्या ओळी पुन्हा लिहायच्या. म्हणून बहुतेकांनी त्या ओळी लिहिल्याच नाहीत. हुकूम द्यायचा, एक-दोन सेकंद थांबायचे, आकडा वाचायचा, आणि तो बरोबर असेल असे धरून चालायचे.

या काळात केबल मात्र झपाट्याने पसरली. १९७७च्या कमोडोर पेट या घरगुती संगणकाने डिस्क ड्राइव्ह जोडायला हीच ४८८ची जोडणी वापरली. त्या ड्राइव्हची एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. काही चुकले की ड्राइव्हला त्याच्या पंधराव्या चॅनेलवर काय झाले ते विचारायचे, आणि तो त्या चुकेचा क्रमांक, तिचे वर्णन आणि डिस्कवरची जागा असे वाक्यच परत देई. सगळे ठीक असेल तर ‘००, ओके’. मापनाच्या जगाला इतके सरळ उत्तर मिळायला अजून तेरा वर्षे होती.

मापनाच्या जगातला बदल १९८७ साली आला. मूळच्या ४८८ला आता ४८८.१ म्हणायचे ठरले आणि त्याच्यावर ४८८.२ हे नवे मानक उभे राहिले. टेक्ट्रॉनिक्सच्या त्या घरगुती संकेतांचा त्यावर मोठा प्रभाव आहे. ताऱ्याच्या चिन्हाने सुरू होणारे तेरा हुकूम प्रत्येक यंत्राला आलेच पाहिजेत असे त्याने ठरवले. ‘*आयडीएन?’ म्हटले की यंत्राने आपली कंपनी, मॉडेल, क्रमांक आणि आतल्या प्रोग्रामची आवृत्ती सांगायची. ‘*आरएसटी’ म्हटले की ठरलेल्या मूळ अवस्थेत यायचे. या तेरांपैकी निम्म्याहून अधिक हुकूम अवस्थेच्या जबाबासाठी आहेत. मानक लिहिणाऱ्यांना दुखरी जागा कुठे आहे ते नेमके ठाऊक होते.

स्टेटस बाइटमधले आणखी दोन बिट आता पक्के झाले. चौथा सांगतो की वाचण्याजोगे उत्तर तयार आहे. पाचवा एका नव्या रजिस्टरकडे बोट दाखवतो: स्टँडर्ड इव्हेंट स्टेटस रजिस्टर, ईएसआर. याचे आठही बिट सगळ्या जगासाठी एकाच अर्थाचे. शून्यावा, सांगितलेली कामे पूर्ण झाली. पहिला, यंत्राला स्वतःच नियंत्रक व्हायचे आहे. दुसरा, प्रश्नोत्तरात गोंधळ झाला. तिसरा, यंत्रातला दोष. चौथा, हुकूम कळला पण करता येत नाही. पाचवा, हुकूमच कळला नाही. सहावा, वापरणाऱ्याने समोरचे बटण दाबले. सातवा, वीज गेली होती आणि आली. टेक्ट्रॉनिक्सचे ९७, ९८, ९९, ६५, ६६, ६७ इथे पुन्हा भेटतात. फरक असा की संकेतांक एका वेळी एकच गोष्ट सांगू शकतो, आणि इथे प्रत्येक गोष्टीला स्वतःचा बिट मिळाल्यामुळे तीन गोष्टी एकदम घडल्या तरी तिन्हींची नोंद राहते.

सातव्या बिटाचे मोल आपल्याकडे वेगळे समजावून सांगायला नको. रात्रभर चाललेल्या चाचणीत क्षणभर वीज जाते. पॉवर सप्लाय पुन्हा सुरू होतो तो मूळ अवस्थेत, बहुधा आउटपुट बंद करून. संगणक यूपीएसवर असल्यामुळे त्याला याचा पत्ता नाही. तो इमानाने पुढचे वाचन घेत राहतो आणि सकाळी फाइलमध्ये तासन्‌तासांची शून्ये सापडतात. म्हणून मानकात अशीही सोय आहे की हाक कशासाठी मारायची याची निवड वीज गेली तरी यंत्राच्या स्मरणात टिकावी, म्हणजे परत येताच ते स्वतःहून एसआरक्यू ओढू शकेल. ‘*पीएससी ०’ असे सांगून ठेवावे लागते, आणि ते सांगून ठेवणारे मला क्वचितच भेटले आहेत.

ईएसआरचा सर्वांत महत्त्वाचा गुण मात्र वेगळा आहे. त्यात एकदा १ झालेला बिट आपोआप ० होत नाही. चूक घडली, नंतर शंभर हुकूम बरोबर गेले, तरी ती नोंद जागची हलत नाही. ती पुसली जाते ती वाचल्यावर किंवा ‘*सीएलएस’ असे स्पष्ट सांगितल्यावर. याचा एक परिणाम नवख्यांना छळतो. वाचले की पुसले जात असल्यामुळे एका प्रोग्रामचे दोन भाग तेच रजिस्टर वाचू लागले, तर पहिला पुरावा घेऊन जातो आणि दुसऱ्याला सगळे आलबेल दिसते. दुसरा सापळा याहून फसवा. यंत्राने हाक मारली, आपण पोल केला, सहावा बिट गेला, दोरी सुटली. पण ईएसआर वाचलाच नाही, तर पाचवा बिट तसाच १ राहतो. मग ईएसआरमध्ये पुढची चूक घडते तेव्हा यंत्र हाक मारत नाही, कारण त्याच्या दृष्टीने नवे कारण उद्‌भवलेलेच नाही. पहिली हाक नीट पोचते आणि त्यानंतर कायमची शांतता. यंत्र बिघडले असे म्हणून ते दुरुस्तीला पाठवले जाते. खरे तर ते आधीचा जबाब ऐकून घेतला जाण्याची वाट पाहत असते.

सहाव्या बिटाचेही आता दोन चेहरे झाले. सीरियल पोलने वाचला तर त्याचा अर्थ ‘मी हाक मारली होती’, आणि वाचताच तो जातो. ‘*एसटीबी?’ हा साधा प्रश्न पाठवून वाचला तर त्याचा अर्थ ‘माझ्याकडे अजून काहीतरी सांगण्यासारखे आहे’, आणि तो वाचण्याने जात नाही. ही गुंतागुंत टाळता आली नसती का, असा विचार मी पुष्कळदा केला आहे. मला वाटते, नसती. हाक मारणे ही घटना आहे आणि हाकेचे कारण ही अवस्था आहे. दोन्ही एकाच जुन्या बिटात बसवायच्या होत्या, कारण त्याची जागा १९७५मध्येच ठरून गेली होती.

४८८.२ने व्याकरण दिले, शब्दकोश दिला नाही. व्होल्ट मोजायला एका यंत्राला काही म्हणायचे, दुसऱ्याला काही. एप्रिल १९९०मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड, टेक्ट्रॉनिक्स, फ्लूक, फिलिप्स, कीथली, रॅकल-डाना, वेव्हटेक, ब्रुएल अँड केअर आणि नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स अशा नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन स्किपी नावाची समाईक भाषा जाहीर केली. मापनयंत्रांच्या बाजारात एकमेकींच्या तोंडचा घास काढणाऱ्या या कंपन्या होत्या. ह्यूलेट-पॅकार्डने आपल्या घरात तयार झालेली टीएमएसएल ही भाषा त्यासाठी देऊन टाकली.

स्किपीचे हुकूम सोपे आणि वाचनीय होते म्हणून तिचे कौतुक झाले. अवस्थेच्या जबाबात तिने घातलेली भर मात्र मला अधिक मोलाची वाटते. तिने दोन मोठी रजिस्टरे आणली. एक ऑपरेशनचे: यंत्र आत्ता काय करते आहे? कॅलिब्रेशन चालू आहे, रेंज बदलतो आहे, स्वीप चालू आहे, मोजतो आहे, ट्रिगरची वाट पाहतो आहे. दुसरे क्वेश्चनेबल: मी देतो आहे त्या आकड्याबद्दल मलाच शंका आहे. शंका कशाबद्दल त्याचे बिट ठरलेले: व्होल्टेज, करंट, वेळ, तापमान, पॉवर, फ्रिक्वेन्सी, फेज, मोड्युलेशन, कॅलिब्रेशन.

या दुसऱ्या रजिस्टरपाशी थोडे रेंगाळायला हवे. चुकीचा हुकूम दिला तर यंत्र नकार देते, ते समजायला सोपे. पण सिंथेसायझरचे फ्रिक्वेन्सीचे लॉक सुटले तर तो बंद पडत नाही. सिग्नल देतच राहतो, पडद्यावर तोच सुबक आकडा दिसत राहतो, फक्त तो आकडा आता खरा नसतो. असत्य आकडा आणि सत्य आकडा दिसायला सारखेच असतात, सारख्याच दशांशस्थळांचे असतात. क्वेश्चनेबल रजिस्टरमुळे यंत्राला आकडा देतानाच त्याच्याबद्दलची शंका वेगळ्या वाटेने सांगण्याची सोय झाली. १९६६च्या प्रिंट कमांडच्या तारेपासून इथवर यायला चोवीस वर्षे लागली.

या रजिस्टरांची आतली रचनाही लक्ष देण्यासारखी आहे. प्रत्येकाचे चार थर. पहिला कंडिशनचा, म्हणजे या क्षणाची खरी स्थिती, जी बदलली की बिटही बदलतो. त्यापुढे गाळणी: शून्यावरून एकवर गेले तर नोंद करायची, की एकवरून शून्यावर आले तर, की दोन्ही वेळा. गाळणीतून पलीकडे गेलेली गोष्ट इव्हेंटच्या थरात पक्की होते आणि वाचेपर्यंत पुसली जात नाही. शेवटी इनेबल, म्हणजे यातल्या कोणत्या नोंदी वरच्या स्टेटस बाइटपर्यंत पोचवायच्या याची निवड. पॉवर सप्लायचे उदाहरण घ्या. ठरवून दिलेले व्होल्टेज स्थिर ठेवून तो एखादे सर्किट चालवतो आहे. काही मिलिसेकंद सर्किटने भलताच करंट ओढला, सप्लायने स्वतःला आवरून करंट मर्यादेवर धरला, व्होल्टेज कोसळले, आणि पुन्हा सगळे पूर्ववत झाले. संगणकाने अर्ध्या सेकंदाने कंडिशन विचारली तर उत्तर मिळेल, सर्व ठीक. इव्हेंट विचारला तर कळेल की मधे काहीतरी होऊन गेले. गाळणी उलटी लावली तर मर्यादेतून बाहेर आल्याचीही नोंद मिळेल. अवस्था आणि घटना यांतला हा भेद चौथ्या थरापर्यंत काटेकोरपणे पाळणारी दुसरी रचना मला रोजच्या तंत्रज्ञानात सहसा दिसत नाही.

ही रजिस्टरे सोळा बिटांची आहेत, पण पंधरावा, म्हणजे सर्वांत मोठा बिट, कायम शून्य ठेवायचा असा नियम आहे. त्या काळच्या काही नियंत्रकांना सोळा बिटांची चिन्हरहित संख्या नीट वाचता येत नसे. तो बिट एक झाला असता तर त्यांना उणे संख्या दिसली असती. सर्वांत दुबळ्या वाचकालाही जबाब बरोबर वाचता यावा म्हणून एक बिट कायमचा सोडून दिला.

बिट सांगतो काय झाले ते, पण कशामुळे ते सांगत नाही. त्यासाठी चुकांची रांग आली. ‘सिस्टिम एरर’ विचारले की सर्वांत जुनी चूक तिच्या क्रमांकासह आणि वर्णनासह मिळते आणि रांगेतून निघते. रांग संपली की शून्य आणि ‘नो एरर’. उणे क्रमांक मानकाने राखलेले: उणे शंभराच्या घरात हुकमाच्या रचनेच्या चुका, दोनशेच्या घरात अंमलाच्या, तीनशेच्या घरात यंत्राच्या, चारशेच्या घरात प्रश्नोत्तराच्या. उणे ११३ म्हणजे अनोळखी हुकूम, उणे २२२ म्हणजे आकडा मर्यादेबाहेर. धन क्रमांक कंपन्यांना मोकळे. रांग भरून वाहू लागली तर शेवटच्या नोंदीच्या जागी उणे ३५० येतो: यापुढच्या चुका ठेवायला जागा उरली नाही. पुरावा अपुरा असेल तर तो अपुरा आहे हेही नोंदवायचे, इतक्या टोकापर्यंत ही माणसे गेली होती.

स्किपीची शेवटची आवृत्ती १९९९ची. त्याच साली ह्यूलेट-पॅकार्डचा मापनाचा धंदा ॲजिलेंट या नावाने वेगळा झाला आणि २०१४मध्ये त्यातून कीसाइट निघाली. स्किपीची जपणूक २००३च्या सुमारास आयव्हीआय फाउंडेशनकडे गेली. आज पायथॉनच्या चार ओळींत कोणत्याही देशात बनलेल्या ऑसिलोस्कोपला ‘*आयडीएन?’ विचारता येते आणि उत्तर येते. रजिस्टरे मात्र उपेक्षित राहिली. नव्या प्रोग्रामरांच्या कामात मला वारंवार तेच जुने ‘हुकूम द्या, दोन सेकंद थांबा, वाचा’ दिसते. यंत्र मंद असेल तर दोन सेकंद कमी पडतात आणि वेगवान असेल तर हजार वाचनांत अर्धा तास वाया जातो. काम पूर्ण झाल्याची खबर मागणारा ‘*ओपीसी’ हा हुकूम आणि ईएसआरचा शून्यावा बिट हे याच अडचणीसाठी तर होते. दोष सगळा प्रोग्रामरांचाही नाही. ‘*ओपीसी?’ला काम पुरे झाले असो वा नसो, लगेच १ असे उत्तर देणारी स्वस्त यंत्रे बाजारात आहेत. अशा यंत्राला रजिस्टर आहे, पण जबाब नाही, आणि हे मी गंभीर दोष मानतो. आकडा खोटा देणाऱ्या मीटरइतकाच गंभीर.

केबल बदलत गेली तसा एसआरक्यूचाही प्रश्न नव्याने सोडवावा लागला, कारण नेटवर्कवर आणि यूएसबीवर खाली ओढायला समाईक तारच नाही. २००३च्या यूएसबी मानकात यंत्राने एका वेगळ्या वाटेवर दोन बाइट ठेवायचे, त्यातला दुसरा स्टेटस बाइट. त्याआधी १९९५च्या व्हीएक्सआय-११मध्ये इथरनेटवरून यंत्रानेच उलट संगणकाकडे जोडणी उघडून हाक मारायची अशी योजना होती. संगणकांच्या सुरक्षाभिंती बाहेरून येणाऱ्या अशा जोडण्या अडवू लागल्या आणि हाक कित्येकदा पोचेनाशी झाली. २०१०मध्ये आलेल्या हायस्लिपने यावर तोड काढली. संगणक सुरुवातीलाच यंत्राकडे दोन जोडण्या उघडतो. एकीवरून हुकूम आणि आकडे जातात-येतात. दुसरी केवळ अवस्थेसाठी राखून ठेवलेली असते, म्हणजे पहिली कितीही तुंबली तरी स्टेटस बाइट विचारता येतो आणि यंत्राची हाक वाटेत अडत नाही. १९७५मध्ये सीरियल पोलला दिलेली वेगळी वाट इथे जशीच्या तशी परत आली आहे. हायस्लिपसाठी इंटरनेटवर जे पोर्ट नोंदवले गेले त्याचा क्रमांक ४८८० आहे.